कराराआधीचा प्रसाद

ह्यांचे रिपोर्ट आणायला गेले, तर डायलिसिस वॉर्डाच्या दारावर कागद चिकटवला होता: ह्यांच्या बँकेच्या आरोग्य विम्याचे रुग्ण उद्यापासून कॅशलेस घेतले जाणार नाहीत. हॉस्पिटल म्हणत होतं, विमावाले जुनेच दर देतात, त्यात आमचं भागत नाही. विमावाले म्हणत होते, हॉस्पिटल अवाच्या सवा बिलं लावतं. जुना करार संपला होता आणि नवा करायला दोघंही तयार नव्हते. दोघांच्या भांडणात आमचं मात्र मरण, आणि हे मी गमतीनं म्हणत नाही. ह्यांच्या दोन्ही किडन्या थकलेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घेतलं, तरच माणूस चालतो-बोलतो. मागे एकदा खेप चुकली, तेव्हा फुफ्फुसात पाणी भरलं होतं. पदरमोड करून एखादी खेप निभावली असती, पण जन्मभर कशी निभावायची? सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं, तर तिथे आमच्याआधी कितीतरी जण. आणि हे आपले शांतपणे म्हणतात, "अगं, उद्या नाही गेलो तर काय आकाश कोसळतंय?" मला इतका राग आला की ह्यांना घरी सोडून मी उज्जैनच्या आमच्या नानाखेडा भागातून ऑटो केली आणि थेट चिंतामण गणेशाच्या देवळात गेले.

खरं सांगायचं तर मी भक्तीनं नाही, भांडायला गेले होते. वाटभर मनात गणपतीलाच फैलावर घेत होते: इतकी वर्षं माझ्या हातचे मोदक खाल्लेस, आता कुठे दडून बसलास? उज्जैनच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. त्या देवळाच्या मागच्या भिंतीवर नवस बोलताना उलटं स्वस्तिक काढतात, आणि इच्छा पुरी झाली की परत येऊन सरळ काढतात. डोळ्यांतल्या पाण्यानं मला भिंत धड दिसत नव्हती. कुंकवात बोट बुडवलं आणि घरी उंबऱ्यावर काढते तसं झरझर काढून मोकळी झाले. आता डोळे मिटून गाऱ्हाणं घालणार, तेवढ्यात शेजारच्या एका अनोळखी बाईंनी आनंदानं माझा हात धरला. "बधाई हो बहनजी! काम हो गया आपका?"

मी भिंतीकडे पाहिलं, तर काय! मी स्वस्तिक सरळ काढलं होतं. "अहो नाही, गलती हो गई, मुझे तो अभी माँगना था," असं म्हणत मी पदरानं पुसायला गेले, तर बाईंनी माझं मनगटच पकडलं. "मिटाना मत! भगवान ने देख लिया। अब तो उनको करना ही पड़ेगा। आप तो जाके लड्डू बाँटो।" आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मलाही हसू फुटलं. कित्येक दिवसांत मी हसले नव्हते. त्या कोण, कुठल्या, हे विचारायचंही मला सुचलं नाही. मागणं राहूनच गेलं होतं, आणि नवल म्हणजे आता मागावंसंही वाटेना. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. दारातल्या दुकानातून मी लाडवांचा चांगला मोठा डबा घेतला आणि पहिला लाडू परतीच्या ऑटोवाल्याला दिला.

दुसऱ्या दिवशी ह्यांना नेहमीसारखं तयार केलं. "कॅशलेस सुरू झालं का?" ह्यांनी विचारलं. "झालं," मी म्हणाले, आणि खरं सांगते, खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही. हॉस्पिटलात बाकं रिकामी होती. आमच्या विम्याची बाकीची मंडळी कागद वाचून घरीच बसली होती. काउंटरवरची मुलगी कुजबुजली, "आंटीजी, अभी कुछ नहीं हुआ। भोपाल से बीमेवाले साहब आए हैं, अंदर मीटिंग चल रही है।" काचेच्या केबिनमध्ये हॉस्पिटलचे आमच्या ओळखीचे मॅनेजर आणि ते साहेब समोरासमोर बसले होते, दोघांचेही चेहरे लालबुंद. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे! डबा उघडला आणि दार ढकलून आत गेले. "बधाई हो! समझौता हो गया ना? चिंतामण का प्रसाद है, पहले मुँह मीठा कीजिए।"

प्रसादाला नाही कोण म्हणणार? दोघांनीही हात पुढे केले. साहेबांनी लाडू कपाळाला लावला. मॅनेजर ओशाळून म्हणाले, "आंटीजी, अभी हुआ कहाँ है..." मी म्हटलं, "हो जाएगा। ये बाहर बैठे हैं, इनका टाइम हो गया।" साहेबांनी काचेतून पाहिलं. हे बाकावर बसले होते, पाय सुजलेले, दम लागलेला, तरी आमच्याकडे बघून हसत होते. लाडू डाव्या हातात धरून साहेबांनी खिशातलं पेन काढलं. मग मॅनेजरना म्हणाले, "रेट की लड़ाई चलती रहेगी। डायलिसिसवालों को मत रोकिए, मैं अभी लिखकर देता हूँ।" मॅनेजर लगेच उठले. "आप लिखिए, मैं मशीन लगवाता हूँ।"

मशीन सुरू झालं आणि मी व्हरांड्यात येऊन घरी बसलेल्या सगळ्यांना फोनवर फोन लावत सुटले. "या, लवकर या, सुरू झालंय!" एका वहिनींच्या यजमानांना सकाळपासून धाप लागली होती. त्या फोनवर नुसत्या रडायला लागल्या, आणि मग मीही रडले, अगदी हमसून.

दरांचं भांडण पुढे बरेच दिवस चाललं, पण आमच्यापैकी कुणाचीही खेप अडली नाही. साहेब मनाशी आधीच ठरवून आले असतील, असं माझा भाऊ म्हणतो. असतीलही, मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की मला नीट मागतासुद्धा आलं नव्हतं, आणि गणपतीनं माझ्या मागण्याची वाट पाहिली नाही. आता सकाळी देवापुढे हात जोडते तेव्हा तोंडातून आधी आभारच येतात, मागायचं काय होतं ते विसरून जाते. तिकडे हे डॉक्टरांनी मोजून दिलेल्या अर्ध्या कप चहासाठी आरडाओरडा करत असतात. तो आवाज ऐकते आणि म्हणते, पोचलं रे देवा, तू दिलेलं सगळं पोचलं.