पॉपकॉर्नवाल्यांचे आभार

आमच्या कल्याणच्या साडूंसारखा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला घेऊन सिनेमाला जाऊ नये. थिएटरातल्या पॉपकॉर्नचा भाव बघून तुमच्या-माझ्यासारखी माणसं कपाळावर हात मारतात. साडू हात जोडतात. भावाला नव्हे, पॉपकॉर्न घेणाऱ्याला! जन्मभर कॉलेजात वाणिज्य शिकवल्यामुळे त्यांचं एक गणित पक्कं आहे: तिकिटातला मोठा वाटा सिनेमा काढणारे नेतात, थिएटरचं पोट भरतं ते खाण्यावर, म्हणजे बादलीभर पॉपकॉर्न घेणारा आपलं तिकीट स्वस्त करतो. इथवर ठीक आहे हो. पण कुणाचे उपकार ठेवून घेणं साडूंच्या रक्तात नाही. त्यामुळे मध्यंतर झालं, की घरून थालीपीठ खाऊन आलेला हा तृप्त माणूस काउंटरपाशी उभा राहतो आणि ट्रे घेऊन निघालेल्या परक्यांना अडवून म्हणतो, "आपल्यामुळे आम्हाला सिनेमा परवडतो. आभारी आहे!" माजिवड्याला एका तरुणाने तर "अंकल, भूक लागलीय का?" म्हणत आपला समोसाच पुढे केला. मी तेव्हा भिंतीवरच्या पोस्टरमधली बारीक अक्षरं फार मन लावून वाचत होतो.

गेल्या वर्षी माझ्या लेकीने स्वतःच पसंत केलेल्या मुलाच्या आईवडिलांशी आमची पहिली भेट ठरली, तीही ठाण्याच्या मॉलमध्ये, सिनेमाला. मुलाच्या वडिलांना म्हणे पोह्यांच्या बश्या समोर आल्या की बोलायलाच सुचत नाही. लेकीवर साडूंचा जीव, त्यामुळे ते बरोबर आलेच. गाडीतच तिने बजावलं, "काका, आज कोणाचेही आभार मानायचे नाहीत. माझ्या लग्नाचा प्रश्न आहे."

"अगं, मी काय वेडा आहे?"

बायकोने घाईघाईने रेडिओ लावला.

मध्यंतरात मुलाचे वडील उठले आणि दोन्ही हातांत बादल्या, बगलेत बाटली अशा थाटात परतले. पाहुण्यांनी खर्च केला म्हणून मी पाकीट काढत धावलो, तोवर साडू पोचले होते. हात जोडून झाले, अर्थशास्त्र सांगून झालं. लेकीने डोळे मिटून घेतले.

मुलाचे वडील गंभीर झाले. "म्हणजे इतकी वर्षं तुमच्या तिकिटांचा भार मी उचलतोय?"

"हो."

"आणि घरात मला ही उधळ्या म्हणते!"

"उधळे कसले? आधारस्तंभ आहात तुम्ही!"

"झालं," विहीणबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "आता यांना कोण आवरणार?"

लग्न तिथेच ठरलं. मला विचारायचं कोणाला सुचलंही नाही.

लेक आता ठाण्याला नांदते. व्याही आणि साडू दर नव्या सिनेमाला जोडीने जातात. एक खातो, दुसरा कौतुक करतो. पूर्वी साडूंचा फोन आला की मला हटकून पोटदुखी व्हायची. परवा रविवारी मीच डोंबिवलीहून फोन लावला. "कधी जायचं सिनेमाला?"

"अरे, आम्ही आत बसलोसुद्धा! तुझी लेकही आहे. तुला कुठे आवडतं आमच्याबरोबर?"

मागे ती कशाला तरी खळखळून हसत होती.

"छे हो, सहज केला होता," मी म्हटलं, आणि तिचं हसणं संपेपर्यंत फोन तसाच कानाला धरून ठेवला.