सातवी सीट

२०२५ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, म्हणजे शाळेच्या दाखल्यावर तसं आहे. दाखला मास्तरांनी अंदाजाने भरला आणि शाळा मी चौथीत सोडली, त्यामुळे तो दुरुस्त करायची गरज कधी पडली नाही. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी बैल सजवून आम्ही ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. एका कंपनीने नवी गाडी जाहीर केली होती. उंच, रुंद, सात सीटची, घरातल्या सगळ्यांनी मिळून जायची. रस्त्यावर यायची होती अजून.

"दसऱ्यापर्यंत येईन म्हणतात, बाबा."

"मग हेच घ्यायची."

"अवो, किंमत तरी सांगू द्या त्याईले. पाहून तर घेऊ."

"पाहिली ना आता. हेच."

गाडी घ्यायची हे उन्हाळ्यातच ठरलं होतं. मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे, हप्ते तो भरणार होता, पण पहिली रक्कम माझी होती. म्हणून मत माझं. घरात आम्ही सहा जण: मी, बायको, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. सातवी सीट कोणासाठी, हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ती सीट माझ्या मेव्हण्यासाठी होती.

मेव्हणा म्हणजे बायकोचा मोठा भाऊ. नरखेड तालुक्यात त्याचं गाव, संत्र्याची बाग, विहिरीजवळ घर. सात वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही माझ्या जुन्या गाडीने गेलो होतो. ही गाडी आधी काळी-पिवळी होती. मी काटोल नाक्यावरून नरखेडपर्यंत सवाऱ्या नेत असे, सत्तावीस वर्षं नेल्या. परवाना संपला तेव्हा गाडीला पांढरा रंग मारून घेतला. रंगवाल्याने बाहेरून चांगला मारला, पण दार उघडलं की कडेला पिवळा दिसतो. आजही दिसतो. तर मी मंडपाच्या तोंडाशी गाडी लावून उतरलो, आणि मेव्हणा शंभर माणसांपुढे ओरडला, "जवाईबुवाची काळी-पिवळी तिकडे मागं लावा रे! पाहुण्याईच्या गाड्या यायच्या हायेत!"

लोक हसले. मी गाडी मागे नेली, गोठ्याजवळ लावली. अक्षता टाकल्या, जेवलो नाही. निघताना त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "आता तुझ्या दारात येईन तर नवी गाडी घेऊन येईन. नाही तर येत नाही." तो गडबडीत होता. त्याने मान हलवली.

तेव्हापासून मी गेलो नाही. मी गेलो नाही म्हणजे बायकोही गेली नाही. सात वर्षं. तिने दोनदा विषय काढला, मी दोनदा ताट सरकवून उठलो. नंतर तिने काढला नाही. भाऊ-बहीण फोनवर बोलत. तिच्या गुडघ्यांनी याच वर्षांत जवाब दिला.

माझ्या मनात चित्र पक्कं होतं. नवी गाडी सरळ त्याच्या अंगणात न्यायची. दार मीच उघडायचं. म्हणायचं, बस, साळेबुवा, तुले गावातून फिरवून आणतो. सातव्या सीटवर बसवून, अगदी मागे, सगळ्या गावासमोरून.

तान्ह्या पोळ्याला चार दिवस झाले नसतील, तर मेव्हण्याचा फोन आला. बायको फोन कानाला लावून कितीतरी वेळ नुसती हं, हं करत राहिली. मग माझ्याकडे आली. बाग आणि घर त्याने विकलं होतं. मुलगा पुण्याला, आता हा आणि वहिनीही तिकडेच चालले. दिवाळी शेवटची गावी करायची, त्यानंतर आठवड्याने निघायचं.

"दादा म्हणते, यंदाची भाऊबीज इथंच कर," ती म्हणाली. "मंग हे घर राहत नाही म्हणते."

"करू ना."

"खरं?"

"गाडी दसऱ्याले येऊन राहिली. सगळेच जाऊ."

त्या दिवशी ती हसली होती. हे मला लिहून ठेवायचं आहे.

त्याच आठवड्यात आम्ही वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये गेलो. नवी गाडी तिथे नव्हतीच. भिंतीएवढ्या टीव्हीवर ती डोंगरातून जात होती, आणि ज्या जागी ती उभी राहणार तिथे दोरी बांधून ठेवली होती. रिकाम्या जागेला दोरी. एक मुलगी आली, गोड बोलणारी.

"काका, टोकन भरून ठेवा. बुकिंग जोरात सुरू आहे. सकाळपासून दोघं-तिघं भरून गेले."

"आतून बसून पाहाले भेटन का?"

"येऊनच राहिली, काका. तुमचा नंबर वरचाच लागेल."

मला ते बोलणं ओळखीचं वाटलं, आणि वाटायलाच पाहिजे होतं, कारण ते माझंच होतं. नाक्यावरचा आमचा कायदा एकच, गाडी भरल्याशिवाय सोडायची नाही. बसलेल्या सवाऱ्या कंटाळून उतरायला लागल्या की इंजिन सुरू करायचं, दहा पावलं पुढे न्यायची, चला चला, सुटली म्हणून ओरडायचं आणि कोपऱ्यावरून परत मागे घ्यायची. दोन ड्रायव्हर सवारी म्हणून आत बसवून ठेवायचे, म्हणजे बाहेरच्याला वाटावं की दोनच सीट बाकी आहेत. एकदा एक बाई डबा घेऊन बसली होती, नवरा काटोलच्या दवाखान्यात होता. "कवा सुटन गा, भाऊ?" "हे सुटलीच, बाई." पाऊण तास मी तिला हे सुटलीच सांगितलं. तिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर सोडावी लागली असती.

म्हणजे सगळी कला मला ठाऊक होती. तरी मी टोकन भरलं.

मुलाने बाहेर आल्यावर समजावून पाहिलं. शोरूममध्ये दुसरी एक सात सीटची गाडी तयार होती, आठ दिवसांत हातात देतो म्हणत होते. "बाबा, तेही चांगली हाय. भाऊबीजेले आई आरामात जाईन. ह्या नवीचा काय भरवसा?"

"त्याची पायरी उंच हाय. तुझ्या आईचे गुडघे पाहिले का?"

"पायरी सारखीच हाय, बाबा. मी टेप लावून पाहिली."

"मले दिसते ना."

खरं कारण वेगळं होतं. तीच गाडी, तोच रंगसुद्धा, मेव्हण्याच्या पोराकडे पुण्याला होती. त्याच्या पोराने तीन वर्षांपूर्वी घेतली ती गाडी मी आता त्याच्या अंगणात नेऊन उभी करू? हे मी मुलाला सांगितलं नाही. बायकोच्या गुडघ्यांचं नाव पुढे केलं. सात वर्षं ज्या गुडघ्यांची मी विचारपूस केली नव्हती, ते त्या दिवशी माझ्या कामाला आले.

दसरा आला. शोरूमचा फोन आला, धनतेरसला नक्की. सोनं वाटायला शेजारचे आले तर बायको सगळ्यांना सांगत होती, मी भाऊबीजेले माहेरी जाऊन राहिली. वहिनीसाठी लुगडं घेतलं होतं, भावासाठी धोतरजोडी. पिशवी भरून पलंगाखाली ठेवली होती. झाडताना ती पिशवी बाहेर काढायची, झाडून झालं की परत आत सरकवायची.

धनतेरसला फोन आलाच नाही. मीच केला. मुलगी म्हणाली, "काका, वरूनच माल आला नाही. येऊनच राहिली."

त्या दिवशी दुपारी बायको माझ्याजवळ येऊन बसली.

"आयका ना जी. मी एस.टी.नं जाते. अर्ध तिकीट लागते बायाईले. स्टँडवर दादा घ्याले येईन."

"एस.टी.च्या पायऱ्या चढशीन तू?"

"कोणी हात देईन."

"माझी बायको लोकाईचा हात धरून माहेरी जाईन? ते पाहाले जिता राहिलो का मी?"

मुलगा आतून बाहेर आला. "बाबा, मी सुट्टी काढतो. टॅक्सी करू, आईले नेऊन आणतो. नाही तर तुमची जुनीच काढू."

"जुनी त्या दारात जाणार नाही. आणि भाड्याच्या गाडीचं तर नावच घेऊ नको. मी जनमभर लोकाईले भाड्यानं नेलं. माझ्या घरची बाई भाड्याच्या गाडीत जाणार नाही."

"काहून जिद्द करून राहिले, बाबा? आईचं माहेर हाय ते, तुमचं नाही."

मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही. मोठा माणूस आहे तो, दोन लेकरांचा बाप आहे. तो खाली मान घालून आत गेला आणि दार लागलं. बायको तशीच बसली होती. तिने एवढंच विचारलं, "मंग कवा जाऊ जी?"

"हे आलीच गाडी," मी म्हणालो. तिच्याकडे पाहिलं नाही.

भाऊबीज झाली. तिने चंद्राला ओवाळलं, ज्या बाईला भाऊ नाही ती ओवाळते तसं. भाऊ नरखेडच्या पलीकडे पाट मांडून बसला असेल. फोन आला होता, तिने घेतला नाही. मला वाटलं रागावली आहे, चार दिवसांनी निवळेल. गाडी आली की सगळं निवळेल. मी अजूनही गाडीच धरून बसलो होतो.

आठवड्याने, दुपारी दोनच्या सुमारास, एक छोटा टेम्पो दाराशी थांबला. पुढे ड्रायव्हरजवळ मेव्हणा आणि वहिनी, मागे सामान. त्यांची पुण्याची रेल्वे संध्याकाळची होती. मेव्हणा उतरला. वाळून गेला होता, पायात स्लिपर. सात वर्षं ज्याला मी मनात मागच्या सीटवर बसवून फिरवत होतो, तो माझ्या फाटकाची कडी नीट लागत नाही म्हणून दोन्ही हातांनी लावत होता.

"या," मी म्हणालो.

 बायको पाय ओढत आली, त्याने तिला धरलं. टेम्पोवाल्याने मागून एक पाटा आणि वरवंटा उतरवला. त्यांच्या आईचा. "पुण्याले कुठी नेऊ? तिथं कोण वाटते यावर," मेव्हणा म्हणाला. "तू ठेव." शिवाय संत्र्यांची टोपली, बागेतली शेवटची.

चहा झाला. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. समोर माझी जुनी गाडी उभी.

"चालू हाय का अजून, जवाईबुवा?"

"चालू हाय. नवी येऊन राहिली. म्हणूनच थांबलो होतो. तुले सांगतलं होतं ना."

"काय सांगतलं होतं?"

मला वाटलं तो मुद्दाम विचारतो आहे. मी लग्नातली गोष्ट सांगितली. मंडप, काळी-पिवळी, पाहुण्यांच्या गाड्या, सगळे शब्द जसेच्या तसे. त्याने हातातला रिकामा कप खाली ठेवला.

"मी म्हटलं असं? असन, बापा. पोरीचं लगन होतं, मी तर सगळ्याईवरच ओरडून राहिलो होतो." मग म्हणाला, "यासाठी नाही आले तुमी? मले वाटलं, तिचे गुडघेच लय दुखतात. तेच सांगत होती ते फोनवर."

मी कप आत नेऊन ठेवला. सात वर्षं मी एक भांडण जपलं, रोज पाणी घालून वाढवलं, आणि ज्याच्याशी भांडण होतं त्याला त्याचा पत्ता नव्हता. तो निदान उद्धट बोलला असता तरी मला बरं वाटलं असतं.

निघताना तो बहिणीला म्हणाला, "किल्ली शेजारच्या काकीजवळ हाय. परवा नवा मालक ताबा घेते. कोणाले पाहायचं असन तर उद्याचा दिवस हाय." टेम्पो गेला. बायकोने पाटा ओल्या फडक्याने पुसला, पुसून झाल्यावर परत पुसला. पलंगाखालची पिशवी तिने टेम्पोतच देऊन टाकली होती. मला जेवायला वाढलं, चपाती तव्यावरची गरम दिली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाला उठलो. जुन्या गाडीवर पाणी मारलं, काच पुसली. मागच्या दाराशी लाकडी स्टूल ठेवलं, तिला चढायला सोपं जावं म्हणून. सात वर्षांत हे स्टूल घरातच होतं. हॉर्न दिला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत आली.

"चल. आजचा दिवस हाय."

"कोणाकडे जाऊ जी?"

"घर पाहून येऊ."

"मले घर नव्हतं पाहायचं. दादा असताना जायचं होतं. भिंती तुमीच पाहून या."

मी इंजिन सुरू केलं. गाडी दहा पावलं पुढे घेतली आणि थांबलो. आरशात पाहिलं. मग मागे आणून परत स्टुलाजवळ उभी केली.

"नाक्यावरची कला मले नका दाखवू," ती खिडकीतून म्हणाली. "सुटायची असन तर सुटू द्या."

तिने खिडकी लावून घेतली. मी उतरलो, स्टूल उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि दार लोटलं. दाराच्या कडेचा पिवळा रंग झाकला गेला. एकटाच नरखेडच्या वाटेला लागलो. काटोल नाक्यावर एका माणसाने हात दाखवला. मी थांबलो नाही. सगळ्या सीट रिकाम्या असताना त्या नाक्यावरून मी पहिल्यांदाच गाडी सोडली.