गठाणीवरचे आकडे

मार्कावाले काका आम्हाला इंग्रजी आकडे कधीच क्रमाने विचारत नसत. वनपासून हंड्रेडपर्यंत घडाघड म्हणून दाखवले तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. "हे गाणं झालं," ते म्हणत. "आकडे कुठं आले?"

अकोल्यात आमच्या वस्तीजवळ कापसाच्या गठाणी दाबण्याची प्रेस होती. गठाण बांधून बाहेर आली की आकडा कापून काढलेला पत्र्याचा छापा ठेवून काळ्या शाईने तिच्यावर इंग्रजी आकडा मारायचा, हे काकांचे काम. म्हणून ते मार्कावाले. भोंगा झाला की ते आम्हा पाच-सहा पोरांना दारात बसवत. प्रेसमधले झिजलेले छापे त्यांनी मागून आणले होते. सारवलेल्या जमिनीवर छापा ठेवायचा, वरून चुलीतली राख भुरभुरवायची आणि छापा अलगद उचलायचा. खाली पांढरा आकडा उमटलेला. वाऱ्याने तो विस्कटायच्या आत त्याचे नाव घ्यायचे.

मला ते जमत नसे. सदतीस दिसला की मी मनातल्या मनात वनपासून निघायचो आणि थर्टी सेव्हनला पोहोचेपर्यंत राख उडून गेलेली असे. काकांनी माझे ओठ हलताना पाहिले. "तू पायऱ्या चढून राहिला," ते म्हणाले. "कावून? गठाण काय एकापासून येते? समोर आली की तिचं नाव घे."

हे सगळे कशासाठी, ते आम्हाला माहीत होते. गावातल्या मोठ्या शाळेत पाचवीत घेताना हेडमास्तर इंग्रजी आकडे विचारत. आधीच्या वर्षी आमच्या वस्तीतली दोन मुले तिथून परत आली होती, आणि आता ती जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडत होती. ते धम्मदीक्षेनंतरचे दुसरे वर्ष. माझ्या बाबांनी मला स्पष्ट सांगितले होते, यंदा घेतले तर शाळा, नाही तर जीन. घरात माझ्याआधी कोणी पाचवी पाहिली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी बाबांना रजा मिळाली नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांना हेडमास्तरांसमोर उभे राहण्याची भीतीही वाटत होती. काका अर्धा दिवस बुडवून माझ्याबरोबर आले. पहिले दोन-तीन आकडे मी कसेबसे सांगितले. हेडमास्तरांनी अर्ज पुढे सरकवला आणि काकांना पालक म्हणून सही करायला सांगितले. काकांनी शाईची गादी मागितली.

हेडमास्तरांनी मला विचारले, तुला कोणी शिकवले. मी काकांकडे बोट केले.

"तुम्हाला सही येत नाही, आणि तुम्ही इंग्रजी शिकवता?"

"आकडे येते साहेब," काका म्हणाले. "अक्षरं नाही येत. जे मले येते तेवढंच याले सांगतलं."

काकांना वाचता येत नाही, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. हेडमास्तरांनी अर्ज परत ओढून घेतला. म्हणाले, मग मला नीट पाहावे लागेल. त्यांनी शाळेचे दाखलपुस्तक उघडले आणि पानाच्या तळाशी एका इंग्रजी आकड्यावर बोट ठेवले. शहाऐंशी. मी वनपासून निघालो. वीस झाले, तीस झाले. हेडमास्तरांनी घड्याळाकडे पाहिले. मी काकांकडे पाहिले, ते काही खूण करतील म्हणून. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर त्या आकड्यावर होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते. मीही ओठ मिटले आणि पुन्हा खाली पाहिले.

"एटी सिक्स," मी म्हणालो.

बोट वर गेले, खाली आले, मध्येच थांबले. किती आकडे झाले ते आठवत नाही. शेवटी हेडमास्तरांनी अर्ज आणि गादी काकांपुढे ठेवली.

परत येताना काका पुढे चालत होते. वस्ती दिसू लागल्यावर थांबले. "उद्यापासून माह्याकडे येऊ नको. आता तुले अक्षरं शिकवतीन, ते मले येत नाही. अन् तुही जागा दुसऱ्याले लागते."

मला वाटले, ते रागावले. त्यांच्याकडे बोट दाखवायला नको होते, असे मला आज अमरावतीला कॉलेजात शिकतानाही कधी कधी वाटते. काका गेले, तेव्हा माझी इंटरची परीक्षा चालू होती. त्यांना विचारायचे राहून गेले.

येऊ नको म्हणाले, तरी शाळेत घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. माझ्या जागेवर शेजारची मुलगी बसली होती. समोर राखेत चौसष्ट होता आणि तिचे ओठ हलत होते. वारा सुटला होता. मला राहवले नाही, मी दारातूनच म्हणालो, "सिक्स्टी..."

"सांगू नको," काका वळूनही न पाहता म्हणाले. "तिले वेळ लागू दे."

त्यांनी दोन्ही तळव्यांचा आडोसा करून राखेतला आकडा वाऱ्यापासून झाकला आणि तसेच वाट पाहत बसले. मी घरी आलो.