ओढणीच्या पिना

दर गुरुवारी ती करंज्याहून लाँचने रेवसला उतरते आणि एसटीने अलिबागला येते. माझ्या शिवणाच्या दुकानाच्या वर समुपदेशक बाई बसतात, त्यांच्याकडे तिची अकराची वेळ असते.

गावात तिला सगळे पुरुष समजतात, म्हणून येताना अंगात पँट-शर्ट. "ताई, पाच मिन्टं घेते हां," म्हणत पडद्याआड जाते आणि पिवळा पंजाबी ड्रेस घालून बाहेर येते. माझ्या डबीतल्या दोन पिनांनी ओढणी खांद्यांवर पक्की करते. तासाभराने खाली आली की पुन्हा शर्ट, आणि पिना न विसरता डबीत.

सुरुवातीला मला धास्ती होती, गिऱ्हाईक बायका काय म्हणतील? त्यांनी तिला ड्रेसचं कापड कुठून घेतलं एवढंच विचारलं. उलट हीच माझ्या कामात खोड काढते. "ताई, ह्यो गळा वाकडा गेलाय." मी चिडते, मग मुकाट्याने उसवते.

एकदा विचारलं, "वर जायला एवढा खटाटोप कशाला गं?"

"बाईंपुढं खरं बोलायचं असतं. शर्टात जमत न्हाय."

गेल्या गुरुवारी ती खाली उतरली ती पडद्याकडे न वळता थेट दाराकडे निघाली.

"अगं, शर्टाची पिशवी राहिली!"

"ऱ्हाऊ दे आज." पायरीवरून ती परत आली. डबी उघडून म्हणाली, "ताई, अजून दोन पिना घेऊ? लाँचवर वारा लय असतो."