कडी काढ

अडीच वर्षांच्या सईनं खेळता खेळता बाल्कनीच्या दाराची खालची कडी आतून लावली आणि मी बाहेर अडकले. घरात आम्ही दोघीच होतो, आणि गॅसवर दूध. काचेतून मी ओरडले, "सई, कडी काढ!" तिनं खडू आणला, दारावर वाकडी रेघ ओढली आणि म्हणाली, "काढली!" व्याकरण अचूक होतं. आपण चित्र काढतो, कडी काढतो, दिवसही काढतो. त्या एवढ्याशा जिवाला हे कसं कळावं? दूध उतू गेलं. मी हातानं करून दाखवलं, "अशी ओढ, माझी ओढणी ओढतेस तशी."

दार उघडलं. गॅस बंद करून मी तिला घट्ट कवटाळलं. वळवळत ती म्हणाली, "आई, सोड!" अर्थ मला कळला, पण हात सुटेनात.