वैशाखातली होळी

गोरेगावजवळच्या तांड्यावर लेंगी, म्हणजे फेर धरून म्हणायची गाणी, फक्त होळीत म्हणतात. होळी सरली की पुढच्या होळीपर्यंत ती तोंडातून काढायची नाहीत, असा नेम. रुख्मिणीबाईंनी तो जन्मभर पाळला. त्यांच्यासारखी लेंगी सांगणारी दुसरी बाई तांड्यावर नव्हती.

यंदा वैशाखात लढाईचं वातावरण तापलं. त्यांचा मुलगा प्रेमदास फौजेत, सीमेजवळच्या तळावर होता. होळीची सुट्टी हुकली होती, आता लग्नसराईचीही रद्द झाली. जवानांनी एका तंबूत क्लब मांडला होता. कॅरम, चहा, आणि शनिवारी संध्याकाळी ज्याची पाळी त्यानं आपल्या गावचं गाणं म्हणायचं. पुढच्या शनिवारी प्रेमदासची पाळी होती. त्याचा आवाज म्हणजे फाटका पत्रा. साहेबांना विचारून त्यानं आईला फोन लावला.

"याडी, तूच म्हण. लेंगीच पायजे. पोरं लई कोमेजून राहिली."

आईनं होकार दिला. बातमी फिरली आणि तांड्याचे नायक, वसराम, दारात येऊन उभे राहिले.

"होळी जळून गेली, बाई. आता लेंगी म्हटली तर तांड्यावर आफत येईल."

"माझ्या लेकराची होळी झालीच न्हाई, नायक."

"मग त्यानं भजन ऐकावं. आन सांगून ठेवतो, एकबी बाई तुझ्यामागं म्हणायला येणार न्हाई."

हा घाव वर्मी बसला. लेंगी एकटीची नसते. एकीनं ओळ सांगायची, घोळक्यानं उचलायची. शनिवारी खरंच कुणी आलं नाही. बाया आपापल्या दारातून बघत राहिल्या.

रुख्मिणीबाईंनी अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या, वर गोवऱ्या ठेवल्या आणि काडी ओढली. सून रीतानं तळावर फोन लावून धरला. वसराम धावत आले.

"हे काय करून राहिली?"

"होळी. दिसून न्हाई राहिली काय?"

"इझव."

रुख्मिणीबाईंनी आणखी पऱ्हाट्या सारल्या आणि पहिली ओळ सांगितली. दारातल्या बायांनी ती उचलली नाही. मग फोनमधून प्रेमदासचा फाटका आवाज आला आणि त्याच्यामागं अख्खा तंबू. कुणी पंजाबी, कुणी तमिळ. शब्द मोडत होते, पण ताल बराबर.

लेंगीत मोठ्यांची टर उडवायची रीत आहे, आणि होळीपुढं कुणी रागवायचं नसतं. रुख्मिणीबाई वसरामकडं वळल्या आणि नवी ओळ जुळवली: नायकाच्या मिशीत कोंबडी बसली, उठायचं नाव घेईना. अर्थ न कळता जवानांनी ती गळा फाडून उचलली. दारातल्या बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

"पुरं कर लवकर," वसराम मिशी चाचपत म्हणाले.

"फाल्गुनापासून तुंबलंय, नायक. लवकर कसं पुरं व्हईल?"

त्यांनी पुढची ओळ सांगितली. ती नायकाच्या नाकावर होती.