काकांनी पास केलेलं पिस्तूल

जगातली प्रत्येक वस्तू भंगार आहे हे सांगण्यासाठीच देवाने एक माणूस जन्माला घातला, आणि तो नेमका माझ्या वडिलांचा जिवलग मित्र निघाला, याचा मला आयुष्यभर संताप आला आहे. या काकांनी लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये फिटर म्हणून जन्म काढला आणि पुढे बाजारात बंदुका दुरुस्त करायचं दुकान थाटलं. गिऱ्हाईक बंदुकीसकट अपमान घेऊनच परत जायचं. माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ या गृहस्थांनी भर मांडवात उघडलं आणि "घड्याळ कसलं, डबा आहे डबा!" असं जाहीर केलं. स्टेशनात इंजिनाचा आवाज ऐकून "हे पुण्याला पोचत नाही" म्हणायचे, आणि ते पोचलं की दोन दिवस घुश्शात असायचे.

म्हणूनच आबा, म्हणजे माझे वडील गेल्यावर, त्यांच्या पिस्तुलाची पारख करायला मी मुद्दाम याच माणसाला वलवणला, आमच्या गावच्या घरी नेलं. मायदेशी परतणाऱ्या एका इंजिनीअर साहेबाने आबांना दिलेलं ते तळहाताएवढं, बारीक नळीचं पिस्तूल. आबा घाटात रुळांच्या कामावर गेले की ते आईच्या उशाला असायचं. आता ती घरात एकटी होती. लोणावळ्याला माझ्याकडे चल म्हणून मी वर्षभर घसा कोरडा करत होतो आणि ती पिस्तुलाकडे बोट दाखवत होती. "हे हाय न्हवं हितं? मला कुनाचं भ्या न्हाई." शेवटी ठरलं, परवाना तिच्या नावावर करण्याआधी काकांनी पाहावं. ते भंगार म्हणाले, तर पिस्तूल ठाण्यात जमा करून तिने माझ्याकडे यायचं. मी बैलगाडीसुद्धा सांगून ठेवली होती.

काकांनी ओटीवर बसून भिंग लावलं. नळीत तार घातली, तर आतून कुंकू आणि अक्षता पडल्या. दर खंडेनवमीला आई पिस्तुलाची पूजा करायची, ती थेट नळीच्या तोंडात.

"वहिनी, हत्याराला पुजतात, जेवायला घालत नाहीत!" काका कडाडले. मी मनातल्या मनात बैल जुंपले. मग त्यांनी आतले भाग सोडवले, पुन्हा बसवले, चाप ओढला. कट् आवाज झाला. आईकडे जरा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "नंबर एक माल आहे. असा आता मिळत नाही."

उभ्या जन्मात कशाला चांगलं म्हणायचं नाही, आणि म्हणायचंच तर नेमकं त्या दिवशी! "आयकलंस? भावजी काय म्हनत्यात?" आई म्हणाली. "म्या न्हाई यायची." पुढे सहा वर्षं मी काकांशी बोललो नाही.

आई गेली ती वलवणच्याच घरात, स्वतःच्या अंथरुणावर. पिस्तूल ठाण्यात देण्याआधी मी ते दुसऱ्या एका कारागिराला दाखवलं. तो हसायलाच लागला. गोळीवर आदळणारा आतला खिळाच कुणीतरी कानशीने घासून टाकला होता. मी तणतणत काकांकडे गेलो. ते फार थकले होते.

"मीच घासला," ते शांतपणे म्हणाले. "तू रांगत होतास तेव्हा. पोर चाप ओढेल म्हणून तुझा आबाच घेऊन आला होता. वहिनींना सांगू नकोस म्हणाला."

"मग त्या दिवशी तरी खरं सांगायचं होतंत!"

"वहिनींना घर सोडायचं नव्हतं रे."

त्यांनी माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, सवयीने नळीत तार फिरवली आणि निघालेले चार तांदूळ माझ्या तळहातावर ठेवले. "पुन्हा जेवायला घातलंच," ते म्हणाले. मी भांडायला आलो होतो, आणि मला रडू आवरेना.